गोधडीसाठी रिंग घेऊ की फ्रेम?

दिवाळी आटपली आणि निफाडचा पारा खाली यायला लागला की आपल्या नाशिककरांना एकदम गोधडी आठवते. या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमधे हाच विषय इतक्यांदा आलाय की पडद्यांचे आणि क्रोशाचे प्रश्न मी सरळ पुढच्या अंकावर ढकलले. ज्यांचे ते होते त्यांनी रागावू नका, थंडी काय आपल्यासाठी थांबत नाही.

ताई, नमस्कार. मी इंदिरानगरला राहते, वय ५४. सासूबाईंची सात नऊवारी लुगडी कपाटात नुसती पडून आहेत. मुलीला मार्चमधे बाळ होणारे, तर त्यातल्या दोन-तीन लुगड्यांची एक लहान गोधडी हाताने शिवायचीये. व्हिडिओत सगळ्या बायका मोठ्या लाकडी फ्रेममधे कापड ताणून शिवतात, तशी फ्रेम ऑनलाईन शोधली पण किंमत बघूनच फोन खाली ठेवला. मग मेन रोडवरून १२ इंची प्लास्टिकची रिंग आणली, तर त्यात थरच बसत नाहीत, स्क्रू पूर्ण सैल केला तरी आतली रिंग टुणकन उडून बाहेर. स्वस्तात मस्त काय घेऊ?

आधी अभिनंदन, आजी होताय! आता त्या उडणाऱ्या रिंगचं. तुम्ही आणलीये ती भरतकामाची रिंग. ती एकेरी कापडासाठी असते, तिची पट्टी पातळ असते आणि स्क्रू जेमतेम अर्धा-पाऊण इंचाचा, म्हणजे आत-बाहेरच्या रिंगमधे दोन-तीन थर मावतील एवढी फट ती उघडूच शकत नाही. क्विल्टिंगची, म्हणजे थर एकत्र शिवायची, म्हणून जी रिंग मिळते ती दिसायला तशीच गोल, पण पट्टी चांगली जाड, उंचीला इंचभर आणि बोल्ट लांब. दुकानदाराला नुसतं 'रिंग द्या' म्हटलं की तो भरतकामाचीच देणार, त्याचाही दोष नाही, दिवसभर तीच खपते.

म्हणून मी काय म्हणते, दुकानात जाताना पर्समधे एक तुकडा न्या. वरचं लुगडं, मधली भर जी काय घालणार असाल ती, खालचं अस्तर, असा वीतभर मोठा नमुना करायचा, कडेने चार टाके मारायचे आणि काउंटरवर तो रिंगमधे बसवून बघायचा. रिंग बसली, बोल्ट दोन आटे फिरला आणि कापड हलत नाही, की घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

माप १४ इंची घ्या. याच्यामागे गणित काही नाही, आपल्या हाताची लांबी आहे. रिंगची एक कड पोटाला टेकवायची, दुसरी टेबलाच्या कडेवर, मग खालचा हात रिंगच्या मधोमध आणि त्याच्याही थोडा पुढे आरामात पोचला पाहिजे, कारण खालच्या बोटानेच सुईचं टोक ओळखायचं असतं. १८ इंचीत तो हात ताणला जातो आणि रिंगसुद्धा जड, अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो. १० इंची घेतली तर दर चार बोटांनी रिंग सोडा, सरकवा, परत आवळा. बाळाची गोधडी साधारण ३ फूट बाय ४ फूट, तिला १४ इंची अगदी बेताची होते.

लाकडी का बांबूची? बांबूची स्वस्त पडते आणि वाईट नसते, पण वाकडी निघायची शक्यता जास्त. बघायची कशी, तर दोन्ही रिंग एकात एक घालून उजेडाकडे धरा, फटीतून उजेड सगळीकडून सारखा दिसायला हवा. मग काउंटरवर आडवी ठेवून बोटाने दाबा, डुगडुगली तर दुसरी मागा. मी हे शहाणपण पैसे देऊन शिकले. एका साईटवरून मागवलेली रिंग गोल नव्हती, अंडाकृती होती, आणि मी सिन्नरला लग्नात अडकल्यामुळे परत करायची मुदत निघून गेली. सध्या तिच्यात आमचा मनीप्लांट लटकतोय, बाल्कनीत छान दिसतो.

रिंग घरी आणली की लगेच वापरू नका. आतल्या रिंगला बारीक पॉलिश पेपर मारा, बोट फिरवून कुठे कूस लागत नाही ना बघा, आणि मग जुन्या सुती साडीची इंचभर रुंद पट्टी फाडून ती तिरकी तिरकी गुंडाळत न्या, एकावर एक अर्धी चढवत. शेवट सुईदोऱ्याने शिवून टाका. गम लावू नका, त्याचा डाग पुढे कापडावर उतरतो. या पट्टीमुळे कापड सटकत नाही म्हणून रिंग कमी आवळावी लागते, आणि तुमचं लुगडं जुनं आहे त्यामुळे ते महत्त्वाचं. बोल्ट तोकडा वाटला तर तो काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या, त्याच जाडीचा लांब बोल्ट किरकोळ पैशांत मिळतो.

आता रिंगमधे कापड ढोलकीसारखं ताणायचं नाही, इथे भरतकामाची सवय असलेल्या बायका हटकून चुकतात. भरतकामात सुई वरून खाली, खालून वर अशी जाते म्हणून ताण चालतो, गोधडीच्या धावदोऱ्यात सुई एका झोक्यात तीन-चार टाके उचलते आणि कापड सुईसोबत वर-खाली डुललं तरच ते उचलले जातात. रिंग आवळून झाली की मधोमध तळव्याने जरा दाबून कापड सैल करा. खालून एक बोट वर ढकललं तर वरच्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत ते बोट कापडासकट धरता आलं पाहिजे, एवढी ढील हवी.

आणि खरं सांगायचं तर रिंगपेक्षा टाचणावर, म्हणजे थर धरून ठेवणाऱ्या कच्च्या टाक्यांवर जीव लावा. गोधडीला चुण्या पडतात त्यातल्या बहुतेक टाचण विरळ असल्यामुळे, रिंग स्वस्त असल्यामुळे नाही. फरशी पुसून कोरडी करा, अस्तर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा पण खेचून नको, त्यावर भर, त्यावर लुगडं. मग मधल्या बिंदूपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने लांब लांब कच्चे टाके, दोन ओळींत चार बोटांचं अंतर, आधी उभ्या ओळी आणि मग आडव्या. दोरा उठून दिसेल अशा रंगाचा, नंतर उसवायचाय. यात एक अख्खी दुपार जाते आणि गुडघे दुखतात, दोघी असलात तर गप्पांत होऊन जातं. असं टाचण झालं की क्विल्टिंगच्या स्वस्तातल्या रिंगमधेसुद्धा गोधडी सरळ येते.

लुगड्याचं एक. सात आहेत म्हणता, तर प्रत्येक आधी खिडकीशी उजेडात धरा आणि दोन्ही हातांनी आडवं-उभं हलकं ओढा. चर्र आवाज आला की ते रिंगमधे घालायचं नाही, रिंगच्या कडेवरच फाटेल. बसून बसून मधला भाग विरलेला असतो, पण काठ आणि पदराकडचं कापड अजून दणकट असतं. पूर्वी बायका मधलं विरलेलं काढून टाकून लुगड्याला दंड घालायच्या, म्हणजे उरलेले चांगले भाग जोडून शिवायच्या, तसंच करा, चांगलं तेवढं घ्या. आणि त्यात एखादं येवल्याचं जरीचं असेल तर त्याची जर रिंगखाली अजिबात दाबू नका, जुनी जर एकदा मोडली की मोडली. तसंही बाळाच्या अंगाला जर टोचते.

रोज काम थांबवलं की रिंग काढून ठेवायची. रात्रभर लावून ठेवली तर गोल वळ उमटतो, आणि आठवडाभर राहिली तर त्या वळात धूळ बसून तो धुतल्यावरही जात नाही.

मॅडम, मी सातपूरला कंपनीत फिटर होतो, आता रिटायर. मिसेसला गोधडीचा नाद लागलाय. परदेशात पाईपची चौकोनी फ्रेम मिळते असं तिने दाखवलं, पाईपवर कापड टाकून वरून अर्धा पाईप चिमट्यासारखा बसवतात. मला वाटतं हे मी घरी करू शकतो. कुठला पाईप, किती माप, सांगाल का?

काका, तुमच्यासारखे वाचक असले की मला फार बरं वाटतं. नक्की कराल, आणि चौकोनी फ्रेमचा फायदा असा की ती कोपऱ्यापर्यंत जाते, सुटी करून कपाटात उभी राहते आणि नाशिकच्या पावसाळ्यात लाकडासारखी फुगत नाही.

पाईप पांढरा किंवा राखाडी यूपीव्हीसी घ्या, पाऊण इंची. गरम पाण्याच्या लाईनचा पिवळसर सीपीव्हीसी याच्यात मिसळू नका, त्याचं पाऊण इंच वेगळं असतं. सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण २२ मिमी आणि इंची मापाच्या यूपीव्हीसीचा जवळपास २७, एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, एकमेकांना बसणार नाहीत. हे तुम्हाला मी काय सांगू म्हणा, पण बाकीचे वाचतायत.

१६ इंचाचे चार तुकडे आणि चार एल्बो. एल्बोत दोन्ही टोकांना मिळून दोनेक इंच पाईप जातो, मग मधे उघडा राहतो साधारण १४ इंच, म्हणून चिमटी १३ इंचाची ठेवा, नाहीतर ती एल्बोला अडेल. सोल्युशन, म्हणजे पाईप चिकटवायचा गम, लावायचं नाही, नुसतं लाकडी हातोडीने ठोकून बसवायचं म्हणजे परत सुटं होतं. हिशोब केला तर पाऊण इंची पाईप ६४ इंच लागतो आणि चिमट्यांना ५२ इंच. नवा अख्खा पाईप घ्यायची गरजच नाही, पाथर्डी फाट्याकडे नाहीतर गंगापूर रोडला कुठेही बिल्डिंगचं काम चालू असेल तिथल्या प्लंबरकडे तुकडे पडलेले असतात, चहा पाजला तर तसेच देईल. एल्बो तेवढे विकत घ्यावे लागतील.

आता चिमटी, सगळी करामत त्यातच. पातळ क्विल्ट असेल तर त्याच पाऊण इंची पाईपची चिमटी चालते, पण आपली गोधडी चार-पाच साड्यांची असते, तिला ती चढतच नाही, चढवली तर तडकते. म्हणून चिमटी एक इंची पाईपची करा. दुकानात पाऊण इंची पाईप एक इंचीच्या आत घालून बघा, घट्ट सरकला किंवा किंचित अडला तर ती जोडी बरोबर, कंपनीप्रमाणे पाईपची जाडी बदलते म्हणून हे हातानेच बघायचं. त्या एक इंची पाईपच्या गोलाईतून साधारण तिसरा हिस्सा लांबीत कापून काढायचा म्हणजे 'सी' सारखा आकार उरतो. आधी ३ इंचाचा एकच तुकडा करून बघा, नीट धरतो का, मग बाकीचे कापा. फार घट्ट वाटला तर कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ पडतो, जरा फाकवून गार होऊ द्या. ग्राइंडरने कापणार असाल तर चष्मा आणि मास्क लावा, पीव्हीसीची धूळ फार बारीक असते. कडा कानसून, पॉलिश पेपर मारून इतक्या गुळगुळीत करा की मिसेसच्या ओढणीला ओढ बसणार नाही. आणि पाईपवर कंपनीची छापील अक्षरं असतात तीही घासून काढा, ती शाई फिक्या कापडावर उतरते. माझ्या एका पांढऱ्या अस्तरावर त्या अक्षरांची अख्खी ओळ उलटी छापली गेलीये, अजून वाचता येते.

या फ्रेमची मजा म्हणजे ताण कमी-जास्त करायला काही सोडावं लागत नाही. चिमटी बाहेरच्या बाजूला जराशी फिरवली की कापड ताणतं, आत फिरवली की सैल. काम झालं की चिमट्या काढून ठेवायच्या, सतत फाकलेल्या राहिल्या तर त्यांची पकड जाते. गेलीच तर मधे साडीची पट्टी घालून वर्षभर ढकलता येतं.

हाय ताई, मी कॉलेज रोडला पीजीमधे राहते. आरी वर्कचा क्लास केला होता तेव्हाची स्टँडवाली लाकडी रिंग माझ्याकडे आहे. तिच्यातच गोधडी करता येईल का की वेगळी घ्यावी लागेल? बजेट झीरो आहे.

झीरो बजेटला उत्तर सोपंय, तीच वापर. दोन साड्यांची पातळ गोधडी त्यात आरामात होईल, आणि स्टँडमुळे तुझे दोन्ही हात मोकळे राहतात हा खरं तर महागड्या फ्रेमचा फायदा तुला फुकट मिळालाय. फक्त आरीला कापड कडक ताणलेलं लागतं ती सवय विसर आणि ढील दे, वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तशी. मधे जाड भर घालायचा विचार असेल तर मात्र तुझी रिंग उघडणार नाही. स्टँड इतका उंच ठेव की मान खाली घालावी लागणार नाही, तुझ्या वयात मान दुखत नाही म्हणून सांगतेय.

ताई, नाशिकरोडहून लिहितेय. मधला भाग रिंगमधे सुंदर झाला पण कडेला आल्यावर रिंगला धरायला कापडच नाही. कोपरे तर सगळे वाकडे झाले, उसवून दोनदा केले. कडेसाठी वेगळी अर्धगोल रिंग मिळते म्हणे, घेऊ का?

नका घेऊ. मांजरपाटाची नाहीतर जुन्या चादरीची एक वीत रुंद पट्टी घ्या, गोधडीच्या कडेला लांब टाक्यांनी जोडा, आणि ती पट्टी रिंगमधे धरा. गोधडीची कड मग रिंगच्या मधोमध येते, हवी तशी शिवा, झालं की पट्टी उसवून पुढच्या कडेला. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी पट्टी लावायची, एकाच बाजूने लावलीत तर तिरका ओढा बसून कोपरा चोचीसारखा निघतो, तुमचं तेच झालेलं दिसतंय.

शेवटची दोन बोटं जागा मात्र मी रिंग काढून मांडीवरच करते, तोवर हाताला टाक्याची लय बसलेली असते.

नमस्कार. आम्ही म्हसरूळच्या चौघीजणी, बचत गटाच्या. मोठ्या डबल गोधड्यांची ऑर्डर आहे, ५ फूट रुंद. चौघींनी एकदम बसून शिवता येईल अशी फ्रेम सुताराकडून करून घ्यायचीये, त्याने सांगितलेला खर्च परवडत नाही. कमी खर्चात काय?

सुताराला फ्रेम 'बनवायला' सांगितलीत की तो पाय, खाचा, पॉलिश सगळं धरून हिशोब करणार. तुम्हाला खरं म्हणजे फक्त चार पट्ट्या आणि चार सी क्लॅम्प, म्हणजे 'सी' आकाराचे आवळायचे लोखंडी चाप, लागतात. दोन पट्ट्या ६ फुटी, दोन साडेतीन फुटी, दोन इंच बाय एक इंच जाडीच्या, लाकूड साधं चालेल पण सरळ पाहिजे. वखारीत पट्टीचं एक टोक डोळ्याशी धरून बंदुकीचा नेम धरतात तसं बघा, बाक असेल तर लगेच कळतो. लांब दोन पट्ट्यांवर मांजरपाटाची दुहेरी पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकून घ्या, गोधडीची वरची-खालची कड त्या मांजरपाटाला शिवायची, मग दोन्हीकडून गोधडी पट्टीवर गुंडाळत आणायची आणि मधे अडीच-तीन फूट उघडी ठेवायची. आडव्या दोन पट्ट्या त्यांच्यावर टाकून चारी कोपरे सी क्लॅम्पने आवळायचे. झाली फ्रेम. तेवढा भाग शिवून झाला की क्लॅम्प सोडा, पुढे गुंडाळा. मधे तीन फुटांपेक्षा जास्त उघडी ठेवू नका, बसलेल्या बाईचा हात दीड फुटापलीकडे नीट पोचत नाही, चौघी दोन-दोन समोरासमोर बसल्या की बरोबर मधे हात भेटतात.

पाय कशाला हवेत? मांडी घालून बसणार असाल तर चार कोपऱ्यांखाली विटा रचा, जमिनीपासून १३-१४ इंच उंच, म्हणजे गुडघे खाली मोकळे राहतात. खुर्चीवर बसायचं तर दोन टेबलांवर टेकवा. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठींवर मात्र ठेवू नका, एकीने ओढलं की दुसरीकडची खुर्ची सरकते आणि सुई बोटात.

टाचण इथेही करायचंच. आणि क्लॅम्पच्या लोखंडाखाली जाड कापडाची चिंधी ठेवा. ती का, ते शेवटच्या पत्रात येईल.

ताई, आम्ही पंचवटीत राहतो. मी नवीन १४ इंची रिंग आणली तर सासूबाई हसल्या, म्हणे आमच्या सात पिढ्यांनी रिंगशिवाय गोधड्या शिवल्या. त्या सगळं मांडीवर करतात आणि खरंच माझ्यापेक्षा सरळ येतं. मग ही रिंग कशासाठी असते?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे! रिंग हे मूळ आपलं हत्यारच नाही. आपल्या गोधडीत सहसा मधे कापूस नसतो, कापडावर कापड असतं, ते एकमेकांना घट्ट चिकटून राहतं म्हणून घसरत नाही. कापसाची किंवा पॉलिस्टरची फुगीर भर घातली की मग थर सरकतात, चुरगळतात, आणि तिथे रिंगने धरून ठेवायची गरज पडते. व्हिडिओत दिसतात ती क्विल्टं तशी भर घातलेली असतात, म्हणून त्यांना फ्रेम लागते.

दुसरं म्हणजे क्रम. फुगीर भरेच्या कामात मधून बाहेर शिवत जातात, म्हणजे फुगवटा कडेकडे निघून जातो. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची त्यांची गोधडी शिवतात त्या बरोबर उलट, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत फिरत आत मध्यापर्यंत येतात, तुकडे जाता जाता दुमडून बसवतात, आणि ना रिंग ना फ्रेम. आपल्याकडेही बऱ्याच आज्या आधी चौकट शिवून मग आतल्या आत चौकोन घेत जायच्या. हे मांडीवर जमतं कारण डावा हात खालून सतत कापड सारखं करत असतो. सासूबाईंचा डावा हात बघा जरा, उजवा नको. तळवा पसरून कापड पुढे सरकवतात, अंगठ्याने वरून दाबतात, चार टाके सुईवर घेतात, मग तळव्यानेच कापड मागे ओढून दोरा मोकळा करतात. तो हात म्हणजेच त्यांची रिंग, आणि ती वीस गोधड्यांनंतर तयार होते. तुमची अजून पहिलीच असेल तर रिंग वापरण्यात कमीपणा काही नाही.

माझी आजी फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांना पाटे-वरवंटे, दगड काय मिळेल ते ठेवायची आणि स्वतः गोधडीवर बसून शिवायची, शिवत शिवत मागे सरकायची. नवरात्राच्या आधी त्या सगळ्या गोधड्या गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, धुवायला जायच्या, भिजल्यावर एकेक दोघींना उचलायची नाही. त्या धुण्यात टाके टिकले पाहिजेत म्हणून ती दोऱ्याला मेण लावायची. तेवढं तुम्हीही करा, मधमाशीचं मेण मिळालं तर उत्तम, दोरा गुंतत नाही आणि लवकर झिजत नाही.

सुईचं तुम्ही विचारलं नाही पण सांगते, कारण रिंगवर पैसे घालून लोक सुई घरातली लांबडीच वापरतात. रिंगमधे आखूड सुई लागते, क्विल्टिंगच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, सुरुवातीला ८ किंवा ९ नंबर घ्या. सासूबाईंसारखं मांडीवर, जाड दोऱ्याने करायचं तर लांब सुईच बरी. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, मधल्या बोटात. पहिले दोन दिवस ते नकोसं होतं, तिसऱ्या दिवशी ते नसलं तर हात चालत नाही.

रिंगच्या स्क्रूचा गंजाचा डाग पांढऱ्या अस्तरावर पडलाय, जाईल का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

पांढरं सुती असेल तर जाईल. डागावर लिंबू पिळा, वर मीठ चोळा, उन्हात तासभर ठेवा, वाळत आलं की परत लिंबू, मग साध्या पाण्याने धुवा. एकदा नाही गेला तर दुसऱ्यांदा जातो. रंगीत काठाला हे लागू देऊ नका, रंग उडेल. आणि पुढच्या वेळी पावसाळ्यात रिंग बाजूला ठेवताना बोल्टला खोबरेल लावून पुसून ठेवा. म्हसरूळच्या ताईंनो, चिंधी त्याचसाठी.